कबरीपाशी काहीच वाटलं नाही, आता?

मागच्या अंकात पवित्र भूमीच्या, म्हणजे येशूच्या यरुशलेम-बेथलेहेमच्या, ग्रुप यात्रेबद्दल मी सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा पाऊसच पडला. त्यातली चार घेतेय, सगळ्यांची नावं काढून टाकलीत.

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. आमचा चाळीस जणांचा ग्रुप दहा दिवस पवित्र भूमीला जाऊन आला. मी कित्येक वर्षं या एका ट्रिपसाठी पैसे बाजूला टाकत होते. आणि ताई, यरुशलेमच्या चर्चमधल्या येशूच्या पवित्र कबरीत मला काहीच वाटलं नाही. माझ्या पुढची ढसाढसा रडत होती, मागची रडत होती, आणि मी आत गेले तर डोक्यात हेच की बॅग बाहेर कोणाकडे दिली. बाहेर आले तर सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत, मीही मारल्या. बाकी यात्रेत सांगण्यासारखं काही घडलं नाही, रूममेटशी तर पहिले पाच दिवस मी बोलतच नव्हते, तिच्या घोरण्यावरून वाजलं होतं आमचं, नंतर बेथलेहेमच्या गुहेत उतरताना पायऱ्या निसरड्या म्हणून तिचं मनगट धरलं तेवढंच, आता दर रविवारी तिचा फोन येतो. परत आल्यावर पास्टरांनी साक्ष द्यायला उभं केलं आणि मी चक्क म्हटलं की कबरीपाशी मला प्रभूचा स्पर्श जाणवला. खोटं बोलले मी, तेही मंडळीसमोर. माझा विश्वास एवढा कच्चा आहे का?

आधी त्या कबरीचंच बोलू. ती आतली खोली दोन मीटर बाय दोन मीटर, त्यातली निम्मी जागा संगमरवराच्या लादीने खाल्लेली. एका वेळी तीनचार जण मावतात, दार इतकं बुटकं की वाकूनच आत जायचं, आणि दाराशी उभा साधू घाई करत असतो कारण मागे लाइन पार चर्चभर वळसे घालतेय. तास-दीड तास लाइनीत, आत जेमतेम अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात तुम्ही कित्येक वर्षं साठवलेलं सगळं यायला हवं होतं, हो ना? मी तीनदा गेलेय. पहिल्यांदा गेले तेव्हा पुढच्या बाईच्या ओढणीला मेणबत्ती लागेल या भीतीने माझं लक्ष तिच्या ओढणीवरच होतं, कबर नीट बघितलीसुद्धा नाही. रडणाऱ्यांचं रडणं खरंच असतं, त्याबद्दल मला शंका नाही, पण ते पुष्कळदा लाइनीत एकाकडून दुसऱ्याकडे जातं. ग्रुप म्हटला की ते आलंच.

आणि हा प्रश्न काही तुमच्यापासून सुरू झालेला नाही. चौथ्या शतकात निस्साचे बिशप ग्रेगरी स्वतः यरुशलेमला जाऊन आले आणि मग त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं की जागा बदलल्याने माणूस देवाच्या जवळ जात नाही. संत जेरोम तर बेथलेहेमलाच राहायचे, तीसेक वर्षं, तिथेच बसून त्यांनी बायबलचं लॅटिन भाषांतर केलं, आणि त्यांनीही एकाला कळवलं की स्वर्गाचं दार यरुशलेममधून जितकं उघडं तितकंच ब्रिटनमधूनही. त्या काळात ब्रिटन म्हणजे जगाचं टोक. म्हणजे पवित्र भूमीत मुक्काम ठोकलेला माणूस हे सांगतोय! आणि शोमरोनी बाईने विहिरीपाशी प्रभूला जवळपास हेच विचारलं होतं, उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमात, आणि त्याने दोन्ही जागा बाजूला ठेवून आत्म्याने आणि खरेपणाने केलेल्या उपासनेचं सांगितलं.

मग जायचंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याच शतकात इजेरिया नावाची एक बाई पश्चिमेकडून पार तिकडे जाऊन आली, तिचं प्रवासवर्णन अर्धंमुर्धं का होईना आजही आहे. ती काय करायची, जिथे पोचेल तिथे त्या जागेचाच शास्त्रभाग वाचून घ्यायची आणि प्रार्थना करायची. मला कसं वाटलं, किती वाटलं, हे मोजत बसण्यापेक्षा तिला इथे काय घडलं त्याची जास्त हौस होती. मला हे फार आवडतं.

तुमच्या बाबतीत आता उलट्या बाजूने करून बघा. लूकचा दहावा अध्याय काढा, चांगल्या शोमरोन्याचा. एक मनुष्य यरुशलेमहून यरीहोला खाली जात होता आणि लुटारूंच्या हाती सापडला. तुमची बस त्याच बाजूने गेली असणार, कानांना दडे बसले होते का आठवा. यरुशलेम समुद्रसपाटीच्या साडेसातशे मीटर वर, यरीहो अडीचशे मीटर खाली, म्हणजे पंचवीसेक किलोमीटरमध्ये हजार मीटरचा उतार, दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर, झाड नाही, माणूस नाही. आधी आपण तो 'खाली' वाचून पुढे जायचो. आता तुम्हाला त्या वाटेवर पडलेला माणूस दिसेल, आणि न थांबता निघून गेलेल्या याजकाची भीतीही थोडी समजेल. यात्रेचं पुष्कळसं असंच असतं, तिथे हाती काही लागत नाही आणि घरी सहा महिन्यांनी पुस्तक उघडल्यावर लागतं.

यरुशलेममध्ये येशू क्रूस घेऊन गेला त्या क्रुसाच्या वाटेवर मला असंच झालं. आम्ही लाकडी क्रूस आळीपाळीने खांद्यावर घेऊन गल्लीतून चाललो होतो, दोन्हीकडे टीशर्ट, मसाले, चपला, दुकानदार हाका मारतायत, आणि एक पोरगा पावांची गाडी ढकलत आमच्या मधूनच घुसला. माझा पाराच चढला, म्हटलं अरे प्रार्थना चाललीय इथे. दोन वर्षांनी गुड फ्रायडेला चर्चमध्ये शिमोन कुरेनेकराचं वाचन चालू होतं, शेतावरून येत होता आणि त्याला येशूचा क्रूस वाहायला धरलं, आणि मला एकदम तो पोरगा आठवला. शिमोन काही क्रूस बघायला आला नव्हता. तो आपल्या कामाने चालला होता आणि मधे आला. मी त्या दिवशी चर्चमध्ये रडले, गल्लीत नाही.

आता तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकून टाकलंय ते. घोरण्यावरून अबोला धरलेल्या बाईचं मनगट तुम्ही गुहेच्या पायऱ्यांवर धरलंत. त्या पायऱ्या मला माहितीयेत, अर्धगोल, मधे झिजून गुळगुळीत, आणि खाली संगमरवरात येशूच्या जन्माच्या जागेवरचा तो चौदा टोकांचा चांदीचा तारा. सगळे ताऱ्याचा फोटो काढायला पुढे घुसत असतात, तिथे तुम्ही मागे थांबून तिला उतरवलंत, आणि 'तेवढंच' असं लिहिलंत! बाई, हीच तुमची साक्ष. पास्टरांना एकटं गाठून सांगा की मी कबरीबद्दल बोलले ते तसं नव्हतं, आणि पुढच्या वेळी उभं केलं तर मनगटाचं सांगा. दोन मिनिटं लाज वाटेल. पास्टरांनी बघितलेल्या असतात अशा साक्षी, ते दचकणार नाहीत.

प्रश्न : माझा नवरा यात्रेहून आल्यापासून उठता गालील, बसता गालील. पहाटे पाचला सगळ्यांना प्रार्थनेला उठवतो, टीव्ही बंद, जेवताना कोणी हसलं तरी रागावतो. मुलगा तर वैतागून बोलायचाच बंद झालाय. त्यांचा विश्वास वाढला याचा आनंद मानू की काय करू?

आनंद माना, पण पाचचा गजर सहावर आणा.

डोंगरावर येशूचं रूप पालटलं तेव्हा पेत्र काय म्हणाला, आपण इथे तीन मंडप करू. मार्क पुढे लिहितो की काय बोलावं हेच त्याला सुचत नव्हतं. तुमचे हे आता त्या मंडपाच्या स्टेजला आहेत. आणि गंमत बघा, त्या कथेत डोंगर उतरून आल्याबरोबर पायथ्याशी एक बाप आजारी पोराला घेऊन उभा असतो, बाकीचे शिष्य हात टेकून बसलेले. तुमच्या घरी पायथ्याशी तो मुलगा उभा आहे. नवऱ्याला हे भांडणाच्या सुरात सांगू नका, त्यांच्याकडून मार्कचा नववा अध्याय वाचून घ्या, पाचला उठवतातच आहेत तर तेव्हाच.

दुसरं, त्यांना एकदा नीट बोलू द्या. ग्रुपमधून आलेल्या माणसाचं होतं काय की तिकडे रोज रात्री चाळीस जण तेच बोलत असतात आणि घरी आल्यावर ऐकायला कोणी नसतं, मग ते ऐकवण्याऐवजी लादतात. एक संध्याकाळ द्या, मुलालाही बसवा, आणि एकच विचारा, तुम्हाला नेमकं कुठे काय झालं? माझा अंदाज आहे बोटीचं सांगतील. गालील समुद्रात मधोमध नेऊन नावाडी इंजिन बंद करतात, आणि एकवीस किलोमीटर लांब असलेल्या त्या गोड्या पाण्याच्या तळ्यावर अचानक फक्त लाटांचा चुबुकचुबुक आवाज उरतो. तिथे भल्याभल्यांची बोलती बंद होते.

एक मात्र सीरियसली. झोपच लागत नसेल, किंवा आपण बायबलमधलेच कोणी आहोत असं बोलायला लागले तर ते भक्तीत मोजू नका, डॉक्टरांना दाखवा. यरुशलेमच्या मानसोपचार डॉक्टरांनी असे यात्रेकरू पाहिलेत, त्याला जेरुसलेम सिंड्रोम असं नावही आहे. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही, तरी लिहून ठेवलं.

प्रश्न : आमचा ग्रुप प्रोटेस्टंट. आम्हाला गार्डन टूमला, म्हणजे यरुशलेममधल्याच दुसऱ्या एका कबरीला नेलं, बाग, शांतता, खूप छान वाटलं. माझा कॅथलिक मित्र म्हणतो खरी कबर चर्चमध्येच आहे, तुम्ही चुकीच्या जागी प्रार्थना केली. मी नेटवर वाचलं तर आणखी गोंधळ. जागाच चुकीची असेल तर मला जे वाटलं तेही खोटं का?

मित्राचं जागेबद्दलचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे, प्रार्थनेबद्दलचं नाही.

गार्डन टूमचं नाव झालं १८८३ नंतर, ब्रिटिश जनरल गॉर्डनला शेजारच्या टेकडीच्या कड्यात कवटीचा आकार दिसला म्हणून, येशूला क्रुसावर दिलं त्या गुलगुथाचा अर्थच कवटीची जागा. पण अभ्यासकांनी ती कबर तपासली तर ती येशूच्या सातआठशे वर्षं आधीच्या धाटणीची निघाली, आणि शुभवर्तमानात तर येशूला ठेवलं ती अरिमथाईकर योसेफाची नवी कबर आहे, जिच्यात आधी कोणालाच ठेवलं नव्हतं. उलट चर्चची जागा आज गावाच्या ऐन गर्दीत असली तरी प्रभूच्या काळी तटाबाहेर होती, तिथे त्या काळच्या ज्यूंच्या खडकात खोदलेल्या कबरी आजही दिसतात. दुसऱ्या शतकात सम्राट हेड्रियनने त्यावर देऊळ बांधलं, कॉन्स्टंटाइनने ते पाडून चर्च उभं केलं, ३३५ मध्ये त्याचं समर्पण झालं. २०१६ मध्ये दुरुस्तीसाठी वरची लादी सरकवली, खाली आणखी एक फुटकी लादी निघाली, आणि तिच्याखालचा चुना चौथ्या शतकातला, म्हणजे कॉन्स्टंटाइनच्याच वेळचा ठरला. याने कबर येशूचीच असं सिद्ध होत नाही हं, पण लोक तेव्हापासून हीच जागा धरून आहेत एवढं नक्की.

आणि तिथली भांडणंही ऐका, म्हणजे मित्राचा तोरा जरा उतरेल. सहा ख्रिस्ती पंथ त्या एका छपराखाली, कोणी कुठला कोपरा झाडायचा यावरून मारामाऱ्या झाल्यात, म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या ऑटोमन फर्मानाप्रमाणे सगळं जसंच्या तसं ठेवायचं, दर्शनी भिंतीवरच्या खिडकीला टेकलेली एक लाकडी शिडी शतकानुशतकं तिथेच आहे कारण ती कोणी हलवायची हेच ठरत नाही. दाराच्या किल्ल्या सांभाळतात मुसलमान घराणी. पुनरुत्थानाच्या जागेची ही कथा.

तुम्हाला बागेत जे वाटलं त्याचा जनरल गॉर्डनच्या अंदाजाशी काय संबंध? तिथे कबरीच्या दारावर लिहिलंय की तो इथे नाही, तो उठला आहे. दोन्ही जागा रिकाम्या आहेत ही गोष्ट तर तुम्ही दोघंही मानता ना. पुढच्या वेळी दोघं मिळून जा, एक सकाळ त्याच्या चर्चमध्ये आणि एक तुमच्या बागेत, आणि वाटेत भांडा हवं तेवढं.

प्रश्न : आईचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, पण तिला येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीत पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचाच आहे. ग्रुप लीडर म्हणतो नेऊ नका, सगळ्यांना उशीर होईल. काय करू?

बाप्तिस्मा एकदाच, तो झालेला आहे. नदीत उतरून वचनांचं नूतनीकरण करता येतं, बहुतेक ग्रुप तेच करतात, आधी तुमच्या धर्मगुरूंशी बोलून घ्या. आईला आधीच सांगून ठेवा की नदी अरुंद आणि मातकट आहे, कसर अल-याहुदच्या घाटावर तर पलीकडचा जॉर्डन देशाचा काठ हाकेच्या अंतरावर, तिकडचे यात्रेकरूही दिसतात. गुडघ्यांना जड जाईल ते जुन्या शहराच्या फरशा, कबरीच्याच चर्चमधला गुलगुथाला चढणारा उभा जिना आणि जैतुनांच्या डोंगराचा उतार. तिथे ती बसमध्ये किंवा खाली बाकावर बसेल. गालीलचा किनारा, कफर्णहूम, गेथशेमानेची जुनी जैतुनाची झाडं, हे तिला सावकाश चालत जमेल.

लीडरला लूकचा दुसरा अध्याय दाखवा. सणाच्या यात्रेहून परतताना योसेफ आणि मरीयेला वाटलं पोरगा येशू सोबतच्या लोकांत असेल, एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळलं की तो मागेच राहिलाय, मग सगळं टाकून परत फिरले आणि तिसऱ्या दिवशी सापडला. प्रत्येक जण समजतो दुसरा बघतोय, ग्रुपमध्ये हेच होतं. आईच्या जोडीला एक माणूस ठरवून द्या, नाव घेऊन, आणि हे लीडरकडून जायच्या आधी कबूल करून घ्या. तयार नसेल तर दुसरा ग्रुप बघा.