फॉरेन्सिक टूलच्या (डिजिटल पुरावे तपासायच्या सॉफ्टवेअरच्या) साइटला अँटिव्हायरस ‘धोकादायक’ म्हणतो. साइट खरंच बाधित आहे का?

आधी इशाऱ्यात कोणतं नाव आलंय ते बघा, निम्मा उलगडा तिथेच होतो. ‘हॅकटूल’, ‘रिस्कवेअर’ किंवा ‘पीयूए’ (नको असू शकणारं सॉफ्टवेअर) असेल, तर आक्षेप टूलच्या कामावर असतो. उदाहरणार्थ, निरसॉफ्टचं वेबब्राउझरपासव्ह्यू ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड दाखवतं. तपास करणाऱ्याला तेच हवं असतं आणि चोरालाही. स्कॅनरला हेतू कळत नाही. एखाद्या डोमेनवर अशा फाइली दिसल्या की काही फिल्टर सरसकट सगळं डोमेनच अडवतात, मग तिथला साधा लेखही उघडत नाही. मालवेअरच्या कोडचे तुकडे छापलेलं पान तर नुसत्या मजकुरामुळे पकडलं जाऊ शकतं.

‘ट्रोजन’ किंवा ‘फिशिंग’ असेल तर मात्र थांबा. नावाजलेल्या साइटवरची फाइलही बाधित निघू शकते. 2017 मध्ये संगणक साफ करणाऱ्या सीक्लीनर या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच मालवेअर घुसलं होतं, तेही कंपनीच्या वैध डिजिटल सहीसकट.

टूल हवंच असेल तर सर्चमधल्या जाहिरातीवरून घेऊ नका, निर्मात्याच्या मूळ पत्त्यावर जा. फाइल उतरली की लगेच चालवू नका. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही कुणाची आहे ते पाहा, मग विंडोजमधल्या पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश कमांडने एसएचए-256 हॅश (फाइलचा जणू बोटाचा ठसा असलेला आकडा) काढा. हा हॅश त्याच साइटवरच्या हॅशशी जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्याने फाइल बदलली तो शेजारचा आकडाही बदलेल. तोच हॅश व्हायरसटोटलवर (अनेक अँटिव्हायरस इंजिनांचे निकाल एकत्र दाखवणाऱ्या साइटवर) शोधा. बहुतेक इंजिनं ‘हॅकटूल’च म्हणत असतील तर ते अपेक्षितच आहे. केसमधली फाइल मात्र तिथे कधीही अपलोड करू नका, ती इतर सदस्यांच्या हाती पडू शकते.

अँटिव्हायरस पूर्ण बंद करणं हा उपाय नाही (सल्ला सर्रास दिला जातो, तरीही). वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात) काम करा आणि फक्त टूलचं फोल्डर एक्स्क्लूजनमध्ये, म्हणजे स्कॅनमधून वगळायच्या यादीत टाका. पुराव्याच्या इमेजमधून (डिस्कच्या हुबेहूब प्रतीतून) फाइली जिथे काढता तेही फोल्डर त्यात घाला, नाहीतर काढलेली फाइल गुपचूप क्वारंटाइनमध्ये (अँटिव्हायरसच्या बंद कप्प्यात) जाते आणि अहवालातली संख्या जुळत नाही.

इशारा चुकीचा असल्याची खात्री पटली, तर अँटिव्हायरस कंपनीच्या ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ फॉर्मवर पानाचा पत्ता, हॅश आणि इशाऱ्याचं नेमकं नाव कळवा. साइट तुमचीच असेल आणि गूगलने अडवली असेल, तर सर्च कन्सोलमधल्या ‘सिक्युरिटी इश्यूज’मधून फेरतपासणी मागा.