परसातलं तळं: आधी टेप, मग दुकान

प्रश्न: घरामागे 10 बाय 7 फुटांचं, 3 फूट खोल तळं करायचं आहे. गोल्डफिश सोडायचे आहेत, एका कडेला धबधबाही हवा. दुकानदाराने पंप, फिल्टर, यूव्ही दिवा, कारंजं आणि पाण्याखालचे दिवे अशी यादी दिली आहे. पंप ‘3,000 लिटर’चा आहे. खोदकाम व्हायचंय. आधी काय घ्यावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: आज काहीच घेऊ नका. आधी खड्डा खणून घ्या, कारण कागदावरचं माप आणि खणलेलं माप सहसा जुळत नाही. खड्ड्यात अंथरायचा, पाणी धरून ठेवणारा कागद घेण्यापूर्वी दोरी एका काठावरून तळाला टेकवत समोरच्या काठापर्यंत न्या, ती लांबी धरा आणि दोन्ही बाजूंना फूट-फूट जादा घ्या. तुमच्या मापाने 18 बाय 15 फूट होतात. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा एचडीपीई (प्लास्टिकचा) कागद स्वस्त पडतो, पण तो ताठ असतो. एवढ्याशा खड्ड्यात कोपऱ्यांना जाड घड्या पडतात आणि त्यांत गाळ साठतो. इथे 1 मिमीचं ईपीडीएम रबर बरं. खाली 2 इंच वाळू किंवा जिओटेक्स्टाइल (न कुजणारं जाड कापड) हवंच. जुनी गोणपाटं कुजतात आणि मग खडे टोचतात.

आता पंप. सरळ गुणाकाराने पाणी सुमारे 5,900 लिटर होतं, पण उतार आणि पाणझाडं ठेवायच्या पायऱ्या वजा जाता 4,700 धरा. गोल्डफिशसाठी सगळं पाणी दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरावं, म्हणजे तासाला साधारण 2,400 लिटर. धबधब्याचा हिशोब वेगळा: पाणी सलग पडायला ओठाच्या (ज्या कडेवरून पाणी पडतं तिच्या) रुंदीच्या दर सेंटिमीटरमागे तासाला निदान 100 लिटर लागतं. फूटभर रुंद ओठाला 3,000 झाले. ओठ 9 इंचांचा ठेवलात तर 2,400 मध्ये दोन्ही कामं भागतात. पंप लहान येतो, वीजही वाचते.

खोक्यावरचा तासाला 3,000 लिटर हा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो, आणि ‘एच-मॅक्स’ लिहिलेल्या उंचीला पाणी मुळीच येत नाही. ओठ पाण्यापासून 3 फूट वर असेल, तर पाइप, बेंड आणि फिल्टर मिळून आणखी दीड-दोन फूट धरा. एच-मॅक्स 8 फूट असलेला पंप 5 फुटांवर निम्म्याच्या आसपास पाणी देईल. दुकानदाराकडे पंपाचा आलेख (किती उंचीला किती पाणी) मागा आणि 5 फुटांच्या रेषेवर 2,400 दिसतात का ते बघा. आलेख नसेल तर पुढचं दुकान. पाइप सव्वा इंची घ्या. अर्ध्या इंचीत पंपाचा दम घुसमटण्यातच जातो.

पंप रात्रीही चालू राहिला पाहिजे, नाहीतर फिल्टरमधले उपयोगी जिवाणू प्राणवायूअभावी मरतात. 80 वॉटचा पंप महिन्याला सुमारे 58 युनिट खातो. किंमत बघताना वॉटही बघा. जोडणी 30 मिलिअँपच्या आरसीसीबीवरूनच (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवी आणि वायरचा जोड पाण्यात नको.

फिल्टरवर हात आखडू नका. आधी स्पंज, मग बायो-मीडिया (ज्यावर उपयोगी जिवाणू वाढतात) असा क्रम हवा; उलट लावलं तर मीडिया घाणीने तुंबतो. मीडिया धुवायचा तो तळ्याच्याच पाण्यात, नळाच्या क्लोरिनमध्ये नाही. फिल्टरमध्ये जिवाणू वाढून पाणी माशांजोगं व्हायला चार ते सहा आठवडे द्या आणि मासे थोडे-थोडे सोडा.

यूव्ही सगळ्यांत शेवटी. तो हिरवं पाणी निवळवतो, दगडांवरच्या केसाळ शेवाळाला काही करत नाही. ट्यूब पेटलेली दिसली तरी वर्षभरात तिचा जोर उतरतो, म्हणजे दरसालचा खर्च. आधी कमळं लावा, अर्धं पाणी पानांखाली येऊ द्या आणि एक उन्हाळा बघा. कारंजं आणि दिवे यादीतून खोडलेत तरी चालेल.

प्रश्न: नवा सिमेंटचा हौद आहे, 3 फूट लांब-रुंद, 2 फूट खोल. डास होऊ नयेत एवढंच हवंय. काय घेऊ? – एक वाचक, चिपळूण

उत्तर: पंप नको, फिल्टरही नको. फक्त पीएच तपासायच्या पट्ट्या घ्या. नव्या सिमेंटमधून चुना उतरतो आणि पीएच 9 च्या वर जातो. त्यात मासे तगत नाहीत. हौद भरा, तीन-चार दिवस ठेवा, घासून रिकामा करा. पट्टी 8.5 च्या खाली येईपर्यंत हेच करत राहा. मग डासांच्या अळ्या खाणारे आठ-दहा गप्पी मासे सोडा. ते नगरपालिकेच्या मलेरिया विभागात अनेकदा फुकट मिळतात.