फॅक्ट, डायमेन्शन आणि आपलं ‘निहाय’

प्रश्न असा आहे: रिपोर्टिंगसाठीच्या डेटा मॉडेलमध्ये (म्हणजे डेटा कोणत्या टेबलांत कसा ठेवायचा याच्या आराखड्यात) ‘फॅक्ट टेबल’ आणि ‘डायमेन्शन टेबल’ असतात. मराठीत त्यांना ‘तथ्य सारणी’ आणि ‘परिमाण सारणी’ म्हटलेलं दिसतं, पण त्यावरून कोणता रकाना कुठे जाणार याचा काही बोध होत नाही. मग योग्य शब्द कोणते?

‘परिमाण’ इथे सरळ दिशाभूल करतो. मराठीत परिमाण म्हटलं की माप, मोजमाप, प्रमाण हेच डोळ्यांसमोर येतं. डायमेन्शन टेबलमध्ये मात्र ग्राहक, वस्तू, शाखा, तारीख यांची वर्णनं असतात. मोजलेले आकडे असतात ते फॅक्ट टेबलमध्ये. म्हणजे हा शब्द नेमका विरुद्ध बाजूला जाऊन बसतो. त्यापेक्षा ‘मिती’ बरा. द्विमितीय, त्रिमितीय हे शब्द शाळेपासून ओळखीचे असतात. शिवाय जुन्या पत्रांत मिती म्हणजे तिथी, आणि या मॉडेलांत तारखेची मिती जवळपास कायम असतेच! ‘तथ्य’ही तितकासा जुळत नाही. ‘त्याच्या बोलण्यात तथ्य आहे’ यात खरेपणाचा अर्थ आहे, तर इथला फॅक्ट म्हणजे व्यवहार घडताना नोंदलं गेलेलं माप. हे शब्द १९६० च्या दशकात जनरल मिल्स ही अमेरिकन खाद्यपदार्थ कंपनी आणि तिथलंच डार्टमथ विद्यापीठ यांच्या संयुक्त प्रकल्पातून आले, असं या विषयातले जाणकार लेखक राल्फ किंबॉल सांगतात. त्यांच्याच १९९६ च्या पुस्तकामुळे ही मांडणी सर्वत्र पोहोचली. कामाच्या ठिकाणी सगळे फॅक्ट आणि डायमेन्शनच म्हणतात, तेच म्हणावं. समजावताना ‘मापं’ आणि ‘मिती’ म्हणावं.

पण माझ्या मते खरी चावी नामांत नाही, ‘निहाय’ या प्रत्ययात आहे. अहवाल मागणारा माणूस काय म्हणतो? ‘शाखानिहाय, महिनानिहाय विक्री किती ते दाखवा.’ ज्याला निहाय लागलं ती मिती. ज्याच्याबद्दल ‘किती’ विचारलं ते माप. वापरणाऱ्यांची अशी दहा वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली, तर मॉडेलचा कच्चा आराखडा तिथेच तयार होतो: मधोमध मापांचं टेबल आणि त्याला चहूबाजूंनी जोडलेली मितींची टेबलं. यालाच स्टार स्कीमा म्हणतात.

आकडा दिसला की ते मापच, असं मात्र नाही. बिल क्रमांक, पिनकोड हे अंक असले तरी त्यांची बेरीज कुणी करत नाही. ‘पिनकोडनिहाय विक्री’ मात्र सहज म्हणता येतं, म्हणून ती मितीची बाजू. उलट काही मापांची बेरीज एका दिशेने चालते, दुसऱ्या दिशेने नाही. गोदामात सोमवारी ४० नग शिल्लक होते आणि मंगळवारीही ४०, म्हणून दोन दिवसांचे ८० होत नाहीत. दोन गोदामांत ४०-४० असतील तर ८० बरोबर. अशा मापाला सेमी-ॲडिटिव्ह म्हणतात. शिल्लक, खात्यातली रक्कम, कर्मचारीसंख्या हे सगळे याच गटातले.

आता ‘ग्रेन’. याचं ‘कण’ असं भाषांतर करून काहीच हाती लागत नाही. ग्रेन ठरवणं म्हणजे एकाच प्रश्नाचं उत्तर देणं: या टेबलमधली एक ओळ म्हणजे काय? एक बिल, की बिलातली एक वस्तू? हे एका वाक्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊच नये, असं मी आग्रहाने सांगेन. एका बिलात तीन वस्तू आहेत आणि घरपोच शुल्क ४५ एकदाच लावलंय, असं समजा. ओळ म्हणजे वस्तू असेल आणि ते ४५ तिन्ही ओळींवर तसेच उतरवले, तर बेरीज १३५ येते. सूत्र बरोबर, डेटाही खरा, तरी अहवाल चुकीचा. शुल्क तीन ओळींत विभागून टाका, किंवा बिलाच्या पातळीचं वेगळं फॅक्ट टेबल करा. दोन पातळ्या एका टेबलमध्ये मिसळू नका.

आणखी एक अडचण ‘निहाय’मध्येच दडलेली आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. ‘विभागनिहाय विक्री’ म्हणजे विक्री झाली तेव्हाचा विभाग, की आजचा? विक्रेता एप्रिलमध्ये उत्तर विभागात होता, जुलैत दक्षिणेत गेला. त्याच्या ओळीतला विभाग पुसून नवा लिहिला, तर एप्रिलची विक्रीही दक्षिणेत दिसू लागते आणि मागच्या तिमाहीचा अहवाल आपोआप बदलतो. मितीतले बदल नोंदवायच्या पद्धतींपैकी हा टाइप १. जुनी ओळ तशीच ठेवून, ‘कधीपासून–कधीपर्यंत’ या तारखांसह नवी ओळ घातली तर टाइप २. तेव्हा त्याच विक्रेत्याच्या दोन ओळी होतात, म्हणून प्रत्येक ओळीला तिची स्वतंत्र सरोगेट की, म्हणजे फक्त ती ओळ ओळखण्यासाठीचा क्रमांक, द्यावी लागते. एप्रिलचे व्यवहार जुन्या कीला जोडलेले राहतात, जुलैनंतरचे नव्या कीला. दोन्ही प्रकारे बघायची गरज असेल तर मितीत दोन रकाने ठेवा आणि त्यांना ‘विक्रीवेळचा विभाग’ व ‘सध्याचा विभाग’ अशी स्पष्ट नावं द्या. नुसतं ‘विभाग’ असं नाव कुठेही ठेवू नका.