आव पडली की कुडा द्यायचा का?

प्रश्न : आम्ही संगमेश्वरकडचे. पावसाळा लागला की घरात कुणाला ना कुणाला आव पडतेच, मग सासूबाई कुड्याचं मूळ सहाणेवर ताकात उगाळून देतात आणि मोठ्यांना बरंही वाटतं. गेल्या महिन्यात माझ्या चार वर्षांच्या मुलाला मुरडा येऊन शेंबडासोबत रक्त पडलं, तापही होता. मी कुडा न देता सरळ डॉक्टरांकडे नेलं, त्यावरून घरात अजून धुसफूस चालू आहे. माझं चुकलं का?

उत्तर : अजिबात नाही ताई, अगदी बरोबर केलंत. सासूबाईंचं म्हणणंही उगाच नाहीये, कुड्याच्या सालीत कोनेसिन नावाचं द्रव्य असतं आणि ते आव करणाऱ्या अमिबावर काम करतं, कुटजारिष्ट न् कुटजघनवटी ही आयुर्वेदिक औषधं त्याच सालीची. पण प्रत्येक आव अमिबाची नसते ना! ताप आणि रक्त दोन्ही असलं तर, त्यातून लहान मूल असलं तर, बहुतेकदा शिगेला नावाचे बॅक्टेरिया असतात, तिथे अँटिबायोटिकच लागतं आणि सहाणेवर किती उगाळलं गेलं याचा काही हिशोब नसतो, म्हणून एवढ्या पोराला ते नकोच. जुलाब बांधायची गोळी तर मुळीच नको, रक्त पडत असताना ती घातक ठरते.

मोठ्यांना द्यायचा तर झाड नीट ओळखा. पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, बी कडूजहर. काळ्या कुड्याच्या शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, औषधाचा कुडा तो नव्हे. बाजारात सालीची भेसळ होते ती याचीच.

आणि सगळ्यात आधी पाणी, मग बाकीचं! 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. मेडिकलमधलं ओआरएसचं पाकीट मिळालं तर तेच घ्या, नाहीतर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर मुलाला त्रास होतो. दर जुलाबानंतर चमच्या-चमच्याने पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सुरू. डॉक्टरांनी झिंक दिलं असेल तर जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा, मध्येच सोडू नका. मूल मलूल झालं, डोळे खोल गेले, सहा तास लघवीच नाही असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.