कृषी सल्ला : व्यालेली डुकरीण, दूध आणि टॉनिकची बाटली

प्रश्न (हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतून, आशय एकच) : डुकरीण व्याल्यावर चार-पाच दिवसांत दूध कमी होतं, पिल्लं खुरटतात. दुकानदार शतावरी-जिवंतीचं टॉनिक व्यायच्या पंधरा दिवस आधीपासून द्या म्हणतो. किती द्यावं? घरची मेथी, शेवगा, लसूण चालेल का?

उत्तर : व्यायच्या आधी काहीही नको. शतावरी नको, मेथी नको, बाटली तर नकोच. मेथीचा परिणाम गर्भाशयावर होऊ शकतो, तो धोका गाभण जनावरावर कशाला घ्यायचा? पंधरा दिवस आधी सुरू केलं की बाटल्या जास्त खपतात, एवढाच त्या सल्ल्याचा अर्थ. शेवटच्या आठवड्यात तिला गव्हाचा कोंडा द्या. रोजच्या भरड्यातला थोडा कमी करून त्या जागी कोंडा घाला, म्हणजे पोट साफ राहतं. बद्धकोष्ठ झालेली डुकरीण व्याल्यावर कासदाहात (कास सुजण्याच्या आजारात) सापडते, हे बऱ्याच गोठ्यांत पाहिलंय.

दूध कमी वाटलं की आधी थर्मामीटर लावा. ताप १०३.५ च्या वर, कास गरम आणि कडक, डुकरीण पोटावर पडून सड दाबून धरते आणि पिल्लं ओरडत फिरतात, असं असेल तर तो आजार आहे. तिथे कुठलीही पूड चालत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा किंवा १९६२ ला फोन करा. दुकानातून ऑक्सिटोसिन (दूध सोडवणारं इंजेक्शन) आणून स्वतः टोचू नका.

ताप नसेल तर तासभर गव्हाणीपाशी बसून बघा. डुकरीण साधारण तासातासाने पाजते. पिल्लं कास ढुसतात, तिचं हुंकारणं वाढतं आणि दूध जेमतेम वीस सेकंद सुटतं. तेवढ्यात सगळी पिल्लं गप्प होऊन ओढत असतील तर दूध आहे. मग पाणी तपासा. तोटीखाली लिटरचं माप धरा, ते अर्ध्या मिनिटात भरलं पाहिजे. पाजणारी डुकरीण दिवसाला २५-३० लिटर पाणी पिते. तोटी करकरत थेंब सोडते आणि मालक टॉनिक शोधत फिरतो, असे गोठे कमी नाहीत.

खाद्य व्याल्या दिवशी नावालाच, मग रोज अर्धा-अर्धा किलो वाढवा. दहा पिल्लांच्या संकरित डुकरिणीला वाढत-वाढत दिवसाला ५ ते ६ किलो, १६-१८ टक्के प्रथिनांचं लागतं. घरचं सोयाबीन कच्चं घालू नका, भाजूनच. सरकी पेंड नको. शेंगपेंडीला बुरशीचा वास आला तर ती उकिरड्यावर टाका.

हे सगळं जागेवर असेल तर शेवगा घाला. माझा भर त्यावरच आहे. बांधावरचा पाला सावलीत वाळवा, काड्या चाळून काढा, पूड हिरवी राहिली पाहिजे. काळी पडली, कुबट वास आला तर फेका. शंभर किलो खाद्यात ३-४ किलो, काट्यावर मोजून, मुठीने नाही. पाचव्या दिवसानंतर, ती नीट खायला लागल्यावरच सुरू करा. पाल्यात लोह आहे म्हणून पिल्लांचं तिसऱ्या दिवसाचं लोहाचं इंजेक्शन चुकवू नका.

शतावरी द्यायचीच असेल तर तीही व्याल्यावरच, आणि दिवसाला २० ग्रॅमच्या वर मी जाऊ देत नाही. बाटलीवरचा डोस बहुधा गायी-म्हशींचा असतो. तो डुकरिणीला लावून दुप्पट केला तर दूध दुप्पट होत नाही, ती खाद्य सोडते. मेथी चिमूटभर ठीक, पण कडू लागली की गव्हाणीत खाद्य पडून राहतं. लसूण सोडून द्या.

अनुदानाचं : राष्ट्रीय पशुधन अभियानात वराह प्रजननाला ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ३० लाख. अर्ज ऑनलाइन. टॉनिक-खाद्याला त्यातून पैसे मिळत नाहीत. बाकी कागदपत्रं पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारा.

ज्यांनी टॉनिक आधीच सुरू केलंय त्यांनी आजच बंद करावं आणि बाटली घेऊन दवाखान्यात यावं. लेबलवर घटक आणि डुकरांसाठीची मात्रा छापलेली नसेल, तर ती परत दुकानात नेऊन द्या.