बेल्जियमला येण्याआधी: जीसी की स्टेज?

तुझा मेसेज नीट वाचला. वय 21, वजन 58 किलो, गाव सांगलीजवळ. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात तू पुढच्या टोळीत होतास. जानेवारीत पुणे ग्रँड टूर आली तेव्हा रस्त्याच्या कडेला उभं राहून परदेशी टीम्स पाहिल्यास, आणि तिथेच ठरवलंस की तीन महिने बेल्जियमला जायचं. प्रशिक्षक म्हणतात, "तू चढणीवर चालतोस, म्हणजे जीसीचा माणूस. एकेक स्टेज जिंकायच्या नादी लागू नकोस, एकूण वेळेचा हिशेब ठेव." (स्टेज म्हणजे अनेक दिवसांच्या शर्यतीतला एका दिवसाचा टप्पा, आणि जीसी म्हणजे सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेवरचा क्रमांक.) आणि तुझा प्रश्न असा की, दादा, तुम्ही तिथे राहता, खरं काय करावं?

मी रेसर नाही, हे आधीच सांगून टाकतो. बेल्जियममध्ये गेंटजवळ राहतो, पोटापाण्यासाठी एका गोदामाची संगणक यंत्रणा सांभाळतो, आणि उन्हाळ्यात इथल्या क्लबच्या पोरांना बाटल्या द्यायला रस्त्याच्या कडेला उभा असतो. वॅटचे, म्हणजे पायांच्या ताकदीचे, आकडे माझ्यापेक्षा तुझ्या प्रशिक्षकांना जास्त कळतात. कोणाला करार मिळतो आणि कोण सामान बांधून परत जातो, ते मात्र मी जवळून बघत आलोय.

तर माझं मत: आत्ता दिवस जिंकायला शीक. तीन आठवड्यांचा हिशेब, तो करण्यासाठी कोणीतरी पगार देईल तेव्हा कर. आणि तरीही जीसीच करायचं असेल, तर बेल्जियमचं तिकीट काढू नकोस. या दोन गोष्टी का म्हणतोय ते सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी इथला रेमको एवनेपूल. 2022 मध्ये त्याने व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची टूर, जिंकली तेव्हा इथले लोक वेडे झाले होते, कारण तीन मोठ्या टूरपैकी (फ्रान्स, इटली, स्पेन) एखादी बेल्जियनाने जिंकण्याची ती 1978 नंतरची पहिलीच वेळ. 44 वर्षं! सायकलिंग ज्यांच्या रक्तात आहे म्हणतात त्यांची ही गोष्ट. एवढी वर्षं त्यांचं फारसं काही अडलंही नाही. फ्लँडर्सची फेरी, रुबे, लिएज अशा एक दिवसाच्या शर्यती जिंकत राहिले आणि त्यात सुखी होते.

पुढच्या वर्षी, 2023 ला, रेमको व्हुएल्टा राखायला उतरला. तेराव्या स्टेजला ओबिस्क आणि मग शेवटी टुर्माले हे घाट. ओबिस्कवरच त्याचे पाय गेले. दिवसअखेर तो 27 मिनिटं मागे. घोळक्यातून एकटा मागे पडत जाणारा चॅम्पियन टीव्हीवर बघवत नाही. आमच्या कॅफेत कोणीतरी आवाजच बंद केला होता. संपलं होतं सगळं. आणि दुसऱ्या दिवशी? सकाळी पुढे निसटलेल्या टोळीत गेला, शेवटच्या घाटात रोमेन बार्देलाही मागे टाकलं आणि एकट्याने लारा-बेलाग्वाची स्टेज जिंकली. त्यानंतर आणखी एक स्टेज आणि घाटाच्या राजाची जर्सी. आदल्या दिवशी तो जीसीत पुढे असता, तर कोणी त्याला सकाळच्या टोळीत जाऊच दिलं नसतं.

इथेच या दोन्ही शिकारींमधला खरा फरक आहे. जीसी म्हणजे 21 स्टेजच्या वेळेची बेरीज. ज्याच्या बेरजेपासून पहिल्या नंबरला धोका आहे, त्याला घोळका मोकळा सोडत नाही. जो अर्धा तास मागे आहे त्याला म्हणतात, जा बाबा, तुला काय करायचं ते कर. म्हणून स्टेज जिंकणारे बरेच रायडर पहिल्या आठवड्यात मुद्दाम वेळ घालवतात. सपाट दिवशी शेवटचे दहा किलोमीटर पाय सोडून आरामात येतात. आपल्याकडे हे पाहिलं तर लोक म्हणतील, पोरगा दमला. अरे, तो दमला नाही, त्याने उद्या निसटायची मोकळीक विकत घेतली.

यात मुरलेला माणूस म्हणजे इथलाच टॉमस डी गेंट. 2012 च्या जिरोत (इटलीची टूर) त्याने स्टेल्व्हिओ घाटाची स्टेज जिंकली आणि एकूणात तिसरा आला. म्हणजे जीसीची अंगभूत ताकद होती. दुसरा कोणी असता तर पुढची दहा वर्षं सहावा, अकरावा, नववा होत बसला असता. यानं जीसीचा नाद सोडला आणि टोळीत निसटायचा धंदा पत्करला. 2016 ला टूर द फ्रान्समध्ये मों व्हाँटूची स्टेज, पुढच्या वर्षी व्हुएल्टात एक, 2019 ला पुन्हा टूर द फ्रान्समध्ये सेंटेटियेन, 2022 ला जिरोत नेपल्स. तीनही मोठ्या टूरमध्ये स्टेज जिंकलेला माणूस म्हणून निवृत्त झाला. इथल्या शर्यतींमध्ये त्याचं नाव घ्या, म्हातारीसुद्धा हसते.

आता पैशाचं बोलू, कारण तुझ्या वडिलांनाही हे वाचायचंय असं लिहिलंयस. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्याला 5,00,000 युरो मिळतात. एक स्टेज जिंकली तर 11,000. दिसायला तफावत प्रचंड. पण एकूणात सातवा येणाऱ्याला मिळतात साधारण 11,500, आणि दहाव्याला 4,000 सुद्धा नाहीत. म्हणजे तीन आठवडे रोज जीव मुठीत धरून, प्रत्येक वळणावर सावध राहून सातवा आलास, तर एका चांगल्या दुपारइतकं बक्षीस. तेही टीममध्ये वाटलं जातं.

उलटी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुझे प्रशिक्षक मला शिव्या घालतील. यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) गुणांमध्ये टूर जिंकण्याला 1,300 आहेत आणि स्टेजला 210. एकूणात दहाव्या आलेल्याला स्टेज जिंकणाऱ्यापेक्षा थोडे अधिकच गुण मिळतात. मोठ्या टीम्सचे परवाने तीन वर्षांच्या गुणांवर ठरतात, 18 जागा आहेत, आणि तळाच्या टीम्सना रात्री झोप लागत नाही. त्यामुळे कुठल्याही टूरमध्ये बघ, कोणीतरी शांतपणे आठव्या-दहाव्या नंबरसाठी मरतोय. टीव्हीवर तो दिसत नाही, पण टीमच्या मॅनेजरला हवा असतो. तुझे प्रशिक्षक म्हणतात त्यात तथ्य आहे ते एवढ्यापुरतं.

पण हे गणित करार असलेल्यांचं. तू टीमशिवाय येतोयस. तुझ्यासाठी गुण मिळवायचे दरवाजेच अजून बंद आहेत. आणि जीसी एकट्याने होत नाही रे. मोठ्या टूरला टीमचे आठ रायडर असतात. त्यातले सात जण एकासाठी वारा अंगावर घेतात, बाटल्या आणतात, चाक काढून देतात. हे सात जण तुझ्यासाठी कोण असणार? पहिल्या वर्षी आलेल्या परदेशी पोराला कोणी सात माणसं देत नाही. उलट तोच त्या सातांतला एक होतो, झालाच तर.

पोगाचारचं उदाहरण देऊ नकोस. तो एकूणात पहिल्याची पिवळी जर्सीही घेतो आणि वाटेतल्या स्टेजही खातो, पण असा माणूस समोर ठेवून कोणी करिअर आखत नसतं. त्यापेक्षा बिनियम गिर्माय बघ. एरिट्रियाचा. स्वित्झर्लंडमधल्या एग्लला यूसीआयच्या केंद्रात शिकला, बेल्जियन टीममध्ये आला, 2022 मध्ये गेंट-वेवेल्गेम ही एक दिवसाची शर्यत जिंकली, आणि 2024 च्या टूरमध्ये तीन स्टेज आणि स्टेजमधल्या गुणांसाठीची हिरवी जर्सी. त्या टूरमध्ये तो एकूणात कितवा आला, हे तुला आठवतं का? मला पण नाही.

आता तुझ्या तिकिटाकडे. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या माझ्याकडच्या भागात, तू येशील ते करमिस शर्यतींसाठी. गावची जत्रा असते, तिच्यासोबत सायकल शर्यत. सात-आठ किलोमीटरची फेरी, अशा फेऱ्या मारत एकूण शंभर-सव्वाशे किलोमीटर. नावनोंदणी कॅफेत: बिअरच्या वासात लायसन्स दाखवायचं, चार-पाच युरो भरायचे, पाठीवरचा नंबर आणि पिना घ्यायच्या. बक्षीसही तिथेच, हातात. यात जीसी नावाची चीजच नाही. आज जिंकलास तर आज. उद्या पुन्हा शून्यापासून.

आणि घाट? नाहीत. कोपेनबर्ग म्हणून ज्याचा जगभर बोलबाला आहे तो 600 मीटरचा आहे. तीव्रता 22 टक्क्यांपर्यंत जाते आणि खाली दगडगोटे, ते खरं, पण तुझी लय लागेपर्यंत संपतो. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना तू जे करतोस, त्याचा इथे उपयोग नाही. इथे वेळ जातो वळणांवर. काँक्रीटच्या लाद्यांचा रस्ता, दोन लाद्यांमध्ये डांबराची फट, दर सेकंदाला चाकाला ठक-ठक. समोर काटकोनात वळण. शंभर जण ब्रेक दाबतात. पहिला वेगात निघून जातो, मागचा जवळजवळ थांबतो, आणि मग त्याला 50 च्या वेगापर्यंत पुन्हा उठावं लागतं. दर फेरीत पाच-सहा वेळा. शेवटी असशील तर तासाभरात सुट्टी. त्यात बाजूचा वारा सुटला की तिरकी रांग लागते, रस्त्याच्या रुंदीत बसतील तेवढेच आडोशाला, बाकीचे कडेच्या गवतात एकामागे एक. 58 किलोच्या पोराचं तिथे काय होतं ते मी पाहिलंय. शिवाय इथली स्थानिक पोरं वेगवेगळ्या क्लबची असली तरी आपसात ठरवून जातात. कोण कोणासाठी खेचतोय हे कळायला एक उन्हाळा जातो.

म्हणून तुला खरोखर लांब घाटांचा रायडर व्हायचं असेल, तर फ्रान्समधले हौशी क्लब किंवा स्पेनमधला बास्क प्रदेश शोध. तिथे अनेक दिवसांच्या शर्यती आहेत, डोंगर आहेत, आणि चांगला परदेशी चढणवाला मिळाला तर राहायला खोली देणारे क्लबही आहेत. भाषा मात्र लागेल. इथे इंग्रजीवर भागतं, तिथे नाही. जीसीवाल्यांची खरी परीक्षा म्हणजे 23 वर्षांखालच्यांची टूर द लाव्हनीर; पुढे टूर जिंकलेले बर्नाल 2017 ला आणि पोगाचार 2018 ला तिथूनच वर आले. पण तिथे प्रामुख्याने देशांच्या टीम्स जातात, त्यामुळे तुझ्यासाठी तो रस्ता आत्ता बंदच समज.

तरीही तू इथे यावंस असं मला वाटतं, एका उन्हाळ्यापुरतं. चढणारे रायडर टूर फक्त घाटात नाही, वाऱ्यातही हरतात. घोळक्यात कोपर कोपराला लावून बसणं बोरघाटात शिकता येत नाही. आणि टीमवाल्यांना दाखवायला "एकूणात चौदावा"पेक्षा एखाद्या गावात पहिल्या तिनात आलेलं नाव बरं पडतं. ते गाव त्यांना माहीत असतं, तिथला वारा माहीत असतो, तिथे कोण कोण धावतं तेही.

पॉवरबद्दल एकच विचारतो. 20 मिनिटांचा जो आकडा पाठवलास तो ताज्या पायांचा आहे ना? साडेतीन-चार तास चालवून झाल्यावर तोच आकडा किती येतो ते बघ. आणि सलग पाच दिवस तसं करून पाचव्या दिवशी किती येतो तेही. घसरण अगदी थोडी असेल तर प्रशिक्षकांचं म्हणणं बरोबर, तुझ्यात जीसीचं बी आहे, मग फ्रान्स-स्पेनचं बघू. पाचव्या दिवशी पाय उचलत नसतील तर चर्चाच संपली.

कागदपत्रं. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, त्यामुळे एप्रिलमध्ये येऊन थंडी-पावसात ते दिवस घालवू नकोस. जुलै-ऑगस्टला ये, तेव्हा जवळपास रोज कुठल्या ना कुठल्या गावात शर्यत असते. परदेशात शर्यत करायला सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाचं परवानगीपत्र आणि यूसीआय कोड असलेलं लायसन्स लागेल. मेडिकल विमा सायकल शर्यतीला लागू आहे का ते लेखी घे. साध्या प्रवासी विम्यात बहुतेक वेळा स्पर्धा वगळलेल्या असतात. कोणी कॉन्टिनेंटल, म्हणजे तिसऱ्या दर्जाच्या, टीमचा करार देऊ केला तर हुरळून जाऊ नकोस. त्या दर्जाच्या टीमला किमान पगाराचं यूसीआयचं बंधन नसतं, आणि "सायकल देतो, जर्सी देतो, राहायचं तुझं तू बघ" असेही करार असतात. सही करण्याआधी मला फोटो पाठव.

टायर 28 मिमी रुंदीचे आण. खोलीचं मी बघतो, क्लबमधल्या एका काकूंकडे उन्हाळ्यात पोरं राहतात, फक्त तारखा मे संपायच्या आत कळव, नंतर ऑस्ट्रेलियाची पोरं जागा भरून टाकतात. आणि पाचव्या दिवसाचा आकडा विसरू नकोस, त्यावरून ठरेल तुला खोली गेंटजवळ शोधायची की बास्क प्रदेशात बिलबाओकडे.