क्रम दिसला नाही, एवढ्यावर घाई नको

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पाषाणच्या प्रयोगशाळेत तुझा जम बसतोय हे वाचून फार बरं वाटलं. तांब्याच्या कागोमे खनिजाचा नमुना २ केल्विनपर्यंत थंड केला, चुंबकीय क्रम (अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांची इवली चुंबकं, ठरावीक नक्षीत थिजणं) दिसला नाही, म्हणजे हा स्पिन लिक्विडच (कितीही थंड केलं तरी स्पिन न थिजणारा पदार्थ), असं तू लिहिलंस. जरा दम धर.

कागोमे जाळीत, म्हणजे अणूंच्या या मांडणीत, त्रिकोण कोपऱ्याला कोपरा लावून बसलेले असतात. शेजाऱ्याच्या उलट दिशेला राहायचं, हा प्रत्येक स्पिनचा हट्ट. दोघांचं जमतं, तिसऱ्याचं मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यामुळे क्रम लांबतो. पण लांबणं वेगळं आणि कधीच न येणं वेगळं. पोटॅशियम जॅरोसाइट या कागोमे जाळीच्या लोहखनिजाचं क्युरी-वाइस तापमान (स्पिनमधली ओढाताण किती जोरदार, याचं माप; उणे म्हणजे उलट दिशेचा हट्ट) सुमारे उणे ८०० केल्विन, तरी ६५ केल्विनच्या आसपास क्रम येतोच. त्याच जाळीत पोटॅशियमच्या जागी हायड्रोनियम (पाण्याला एक प्रोटॉन जोडलेला आयन) आला की स्पिन ग्लास होतो, म्हणजे स्पिन थिजतात पण अस्ताव्यस्त! हर्बर्टस्मिथाइट या तांबे-जस्ताच्या कागोमे खनिजात ५० मिलिकेल्विनपर्यंत क्रम सापडलेला नाही. तरीही जस्ताच्या जागी शिरलेल्या तांब्यावरून वाद सुरूच आहेत.

(वाघोलीच्या खाणीतल्या निळ्या कॅव्हनसाइट खनिजातही व्हॅनेडियमचा स्पिन तांब्यासारखाच १/२ आहे. पण नुसता स्पिन असून भागत नाही, मांडणीही तशी लागते.)

म्हणून आधी रसायन नीट तपास. जाळीतल्या किती जागा रिकाम्या आहेत, कुठे कोण घुसलंय, हे कळल्याशिवाय चुंबकीय मापनाला अर्थ नाही. पावसाळ्यात नमुना डेसिकेटरमध्येच ठेव. पाणी धरून वजन वाढलं की हिशोबातला मोमेंट (प्रत्येक अणूची चुंबकीय ताकद) चुकतो. ते तापमान काढायची क्युरी-वाइसची रेषा (ती उच्च तापमानालाच खरी) ३०० केल्विनपर्यंतच्या आकड्यांवर मारली असशील, तर आलेल्या किमतीवर फार विसंबू नकोस: जिथे ती उणे ८०० आहे, तिथे ३०० केल्विन हे उच्च तापमान नव्हेच. कमी चुंबकीय क्षेत्रात झेडएफसी (क्षेत्राशिवाय थंड करून) आणि एफसी (क्षेत्रात थंड करून) दोन्ही वक्र घे. ते फाकले तर ग्लासची शंका घे. अगदी कमी तापमानाला ससेप्टिबिलिटी (क्षेत्राला नमुना किती दाद देतो ते) वर चढत असेल, तर सुटे तांब्याचे स्पिन बोलत असतील.

मग विशिष्ट उष्मा, आणि मग ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन विखुरणाच्या प्रयोगासाठी अर्ज. या खनिजांत हायड्रॉक्सिल असतो आणि हायड्रोजन न्यूट्रॉन इतके विखुरतो की पार्श्वभूमीत बारीक शिखरं बुडून जातात. तेव्हा अर्जाआधी पुढची बॅच जड पाण्यात (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) बनवायला घे.

तुझा,
सर